कोठडी क्रमांक ९२ मधून लिहिलेली पत्रे

१ नोव्हेंबर १९३४ रोजी महात्मा गांधींनी वर्ध्याच्या पत्त्यावरून लंडनमधील एका तरुण जर्मन पाळकास पत्र लिहिले. पत्र अगदी व्यवहारी आहे. परतीच्या भाड्याची आणि येथील खर्चाची सोय असेल तर आपण व आपले मित्र केव्हाही यावे. साधेपणाने राहणाऱ्यास महिन्याला फार तर १०० रुपये लागतील, कदाचित निम्म्यातही भागेल. लवकर आल्यास थंडीचे दिवस साधतील. आम्ही तुरुंगाबाहेर आणि एका जागी स्थिर असलो तर आमच्याजवळच राहता येईल, नाहीतर आमच्या देखरेखीखालील एखाद्या संस्थेत किंवा तिच्या आसपास राहण्यात समाधान मानावे लागेल, असा त्याचा आशय आहे. यजमान तुरुंगात असण्याची शक्यता आमंत्रणातच नमूद केलेली असावी, हे त्या काळाला आणि त्या यजमानाला शोभणारेच होते.

तो पाहुणा मात्र कधीच आला नाही. तो जर्मनीस परत गेला आणि नऊ वर्षांनी स्वतःच तुरुंगात पडला. त्याचे नाव डीट्रिश बोनहोफर. त्या तुरुंगातून त्यांनी आपल्या एका मित्रास लिहिलेल्या पत्रांनी विसाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मविचाराला जेवढा हादरा दिला, तेवढा क्वचितच एखाद्या पद्धतशीर ग्रंथाने दिला असेल. ईश्वर, तत्त्वज्ञान आणि आधुनिक जीवन यांविषयीच्या या पत्रव्यवहाराची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचे पंडितही नाही. परंतु या पत्रांतील प्रश्न एका धर्मापुरते राहत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

बोनहोफर यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेसलाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ असे आहे. वडील कार्ल बोनहोफर हे नामांकित मनोविकारतज्ज्ञ. १९१२ मध्ये त्यांना बर्लिनच्या विद्यापीठात अध्यापकाचे पद मिळाले आणि कुटुंब तेथे गेले. आठ भावंडांचे हे घर सुशिक्षित, संगीतप्रेमी आणि विज्ञाननिष्ठ होते; चर्चला नियमाने जाणारे मात्र नव्हते. एक भाऊ नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाला, दुसरा कायदेपंडित, आणि तिसरा वॉल्टर १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात कामी आला. अशा घरातील मुलाने धर्मोपदेशक होण्याचे ठरविले, तेव्हा भावांनी त्याची थट्टाच केली. पुढे वयाच्या २१ व्या वर्षी त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९३० ते ३१ हे वर्ष न्यूयॉर्कमध्ये काढले आणि तेथील हार्लेम भागातील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये मुलांना शिकविण्याचे काम केले. वर्णद्वेषाखाली दबलेल्या समाजाची श्रद्धा त्यांनी तेथे जवळून पाहिली.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. दोनच दिवसांनी नभोवाणीवर केलेल्या भाषणात बोनहोफर यांनी इशारा दिला, की जो नेता स्वतःलाच लोकांचे दैवत होऊ देतो, तो त्यांचा मार्गदर्शक न राहता दिशाभूल करणारा होतो. भाषण संपण्यापूर्वीच प्रक्षेपण बंद पडले. त्याच वर्षी चर्चने ज्यूंच्या छळाविरुद्ध उभे राहिले पाहिजे असे त्यांनी लिहिले. बहुसंख्य चर्चनेते तेव्हा नव्या राजवटीशी जुळवून घेण्याच्या खटपटीत होते. ऑक्टोबर १९३३ मध्ये ते लंडनमधील जर्मन मंडळ्यांचे पाळक म्हणून गेले. हिंसेवाचून प्रतिकार कसा करावा, सामुदायिक आणि साधनामय जीवन कसे जगावे, हे गांधीजींकडून शिकावे ही इच्छा तेथेच बळावली. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी त्यांनी गांधीजींना पत्र लिहिले. इंग्लंडमधील बिशप जॉर्ज बेल यांनीही ओळखपत्र पाठविले. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेले पत्र हे त्याचेच उत्तर होय.

परंतु १९३५ मध्ये त्यांना निराळे बोलावणे आले. हिटलरधार्जिण्या चर्चपासून फुटून निघालेल्या पंथासाठी तरुण पाळक तयार करण्याची शाळा चालवावयाची होती. फिंकनवाल्डे येथील ही शाळा गेस्टापोने १९३७ मध्ये बंद केली. तेथेच एबरहार्ड बेथगे हा त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान विद्यार्थी त्यांना भेटला आणि पुढे जिवलग मित्र झाला. जून १९३९ मध्ये अमेरिकेतील स्नेह्यांनी त्यांना सुरक्षित राहण्यासाठी बोलावून घेतले. महिनाभरही त्यांचे मन तेथे रमले नाही. देशबांधवांच्या या कसोटीच्या काळात आपण त्यांच्याबरोबर राहिलो नाही, तर युद्धानंतर देशाच्या उभारणीत भाग घेण्याचा अधिकार आपणास उरणार नाही, असे म्हणून ते जुलैत परतले.

नंतरची कथा गुंतागुंतीची आहे. त्यांचे मेव्हणे हान्स फॉन डोहनान्यी लष्करी गुप्तवार्ता खात्यात होते आणि हिटलरविरोधी कटाचे एक सूत्रधारही होते. त्यांनी बोनहोफर यांना त्या खात्यात घेतले. देखावा सरकारी कामाचा. प्रत्यक्षात चर्चच्या परदेशी संबंधांतून कटाचे निरोप पोचविण्याचे काम. याच खात्याच्या आडोशाने ज्यू आणि ज्यू वंशाच्या १४ जणांना स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप पोचविण्यात आले. कटात बोनहोफर यांचा प्रत्यक्ष वाटा किती होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्यास गांधीजींच्या आश्रमात अहिंसा शिकावयाची होती, तो माणूस हुकूमशहाच्या हत्येच्या कटात सामील असलेल्यांबरोबर जाणूनबुजून उभा राहिला, हे निर्विवाद आहे. हे कृत्य निष्पाप आहे असे त्यांनी कधीही म्हटले नाही. अशा काळी हात स्वच्छ ठेवणे हेही पापच ठरू शकते, आणि जबाबदारीने वागणाऱ्याने दोष पत्करून ईश्वराच्या क्षमेवर विसंबावे, अशी त्यांची भूमिका होती.

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. तीनच महिन्यांपूर्वी मारिया फॉन वेडेमायर हिच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला होता. बर्लिनमधील टेगेलच्या लष्करी तुरुंगात ते अठरा महिने होते. सुरुवातीस दहा दिवसांतून एकदा आईवडिलांना एक पत्र लिहिण्याची परवानगी असे आणि ते पत्र तपासले जाई. पहिल्याच पत्रात सपाता, बुटांच्या काळ्या नाड्या, शाई, कागद, दाढीचा साबण अशा वस्तूंची मागणी आहे. पुढे एका भल्या पहारेकऱ्याच्या साहाय्याने नोव्हेंबर १९४३ पासून बेथगे यांना चोरून पत्रे जाऊ लागली. बेथगे सैन्यात होते आणि १९४४ च्या आरंभी त्यांची नेमणूक इटलीत झाली. एक मित्र कोठडीत, दुसरा रणभूमीवर. मध्ये जळणारा युरोप. अशा अंतरावर हा संवाद चालला.

या पत्रांत सर्व काही आहे. बाँबवर्षाव, तंबाखू, वाचलेली पुस्तके, भाच्याकंपनीची खुशाली, आठवणारे संगीत. बेथगे यांना मुलगा झाला आणि त्याचे नाव डीट्रिश ठेवले, तेव्हा मे १९४४ मधील बाप्तिस्म्यासाठी त्यांनी कोठडीतून चिंतन लिहून पाठविले. आणि या साऱ्यांच्या मधूनच, ३० एप्रिल १९४४ च्या पत्रापासून, एक नवा विचार आकार घेऊ लागतो. आजच्या माणसाला ख्रिस्त म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न आपणास सतत छळतो आहे, असे ते लिहितात. धार्मिक शब्दांनी सर्व काही सांगता येण्याचा काळ संपला आहे. मग धर्माचा अंगरखा उतरवून ठेवला तर श्रद्धेचे काय उरते? एक कबुलीही ते देतात. धार्मिक माणसांत बसलो की देवाचे नाव घेण्याचा त्यांना संकोच वाटतो; धर्म न मानणाऱ्यांशी बोलताना मात्र ते सहज ओठावर येते.

मे अखेरच्या पत्रात याचे कारण सापडते. त्या वेळी ते कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकर यांचे भौतिकशास्त्राच्या विश्वचित्रावरील पुस्तक वाचत होते. ते वाचून त्यांच्या मनात आले, की माणसाचे ज्ञान जेथे अपुरे पडते तेथे देवाला उभे करण्याची सवय घातक आहे. ज्ञानाची सीमा रोज पुढे सरकते; तशी देवाची जागा रोज मागे सरकते. फाटक्या जागी लावलेल्या ठिगळासारखा हा देव, कापड धड झाले की निरुपयोगी ठरतो. हे केवळ विज्ञानापुरते नाही. मृत्यू, दुःख आणि अपराध यांच्या प्रसंगीच देव आठवणे, हेही त्याच जातीचे. देव जीवनाच्या कडेला नव्हे तर मध्यावर, दुबळेपणात नव्हे तर सामर्थ्यात, आपण जे जाणतो त्यातच ओळखला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे.

याची साक्ष त्यांच्या एका लहानशा प्रसंगातून मिळते. जानेवारी १९४४ मधील एका हवाई हल्ल्यात सारे कैदी जमिनीवर पडून होते. जवळचा एक जण, जो एरवी धर्माची पर्वा करणारा नव्हता, देवाचा धावा करू लागला. बोनहोफर पाळक होते. धर्माचे चार शब्द सांगण्याची याहून सोयीची वेळ कोणती? त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि आता दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही, एवढेच सांगितले. घाबरलेल्या माणसाच्या भीतीचा फायदा घेऊन त्याला देवाकडे ढकलणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. संकटग्रस्तांच्या दारी श्रद्धेचा बाजार मांडणारे लोक सर्वच धर्मांत आम्ही पाहिले आहेत. म्हणून हा प्रसंग आम्हास त्यांच्या तत्त्वचर्चेहूनही बोलका वाटतो.

८ जून आणि १६ जुलैच्या पत्रांत हा विचार इतिहासाच्या अंगाने पुढे जातो. साधारण तेराव्या शतकापासून युरोपातील माणूस हळूहळू वयात येत गेला, असे ते मांडतात. माँटेन आणि बोदँ यांनी नीतीचे, मॅकिव्हेलीने राजकारणाचे, ग्रोशियसने आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम देवाचा आधार न घेता मांडले. ग्रोशियस स्वतः श्रद्धाळू होता. तरीही देव नाही असे क्षणभर गृहीत धरले तरी हे नियम टिकतील, अशी त्याची मांडणी होती. चर्चने या वाढीस सतत विरोध केला आणि हरत गेल्यावर माणसाच्या अंतरंगातील गुप्त दुर्बलतेत आपले शेवटचे ठाणे मांडले. ही लढाई बोनहोफर यांना निरर्थक आणि हीन वाटते. प्रौढ माणसाला पुन्हा पाळण्यात निजविण्याचा तो प्रयत्न आहे, असा त्यांचा रोख आहे.

येथपर्यंतचा विचार कोणीही बुद्धिवादी मांडू शकेल. निरीश्वर सांख्याच्या देशात तो आपणास धक्काही देणार नाही. बोनहोफर यांचे वेगळेपण पुढच्या पावलात आहे. माणसाने देवावाचून जगणे शिकावे, ही देवाचीच इच्छा आहे, असे ते म्हणतात. बायबलमधील देव सत्तेच्या जोरावर जगात हस्तक्षेप करणारा नाही; तो क्रूसावर असहाय झालेला आहे, आणि असा दुःख भोगणारा देवच माणसाच्या कामी येऊ शकतो. इतर धर्मभावना माणसाला संकटात देवाच्या सामर्थ्याकडे पाहण्यास शिकवितात. येथे माणसाने देवाच्या दुःखात त्याच्याजवळ उभे राहावयाचे आहे. इतर धर्मांविषयीचे हे विधान आम्हास फार सरसकट वाटते, हे नमूद केले पाहिजे. ते प्रामुख्याने युरोपातील धर्मजीवन डोळ्यांसमोर ठेवून बोलत होते. वर्ध्यास येऊन राहिले असते तर हे वाक्य त्यांनी असेच लिहिले असते का, असा विचार आमच्या मनात येऊन जातो.

२० जुलै १९४४ रोजी हिटलरवर झालेला बाँबहल्ला फसला. ही बातमी कळल्यावर आपले काय होणार हे बोनहोफर यांना उमगले असलेच पाहिजे. तरीही दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात आकांत नाही. तेरा वर्षांपूर्वी अमेरिकेत एका फ्रेंच पाळकाशी झालेले बोलणे त्यांना आठवते. आयुष्यात काय करावयाचे, अशी चर्चा चालली असता तो मित्र म्हणाला होता, की मला संत व्हावयाचे आहे. बोनहोफर यांनी उत्तर दिले होते, की मला श्रद्धा ठेवावयास शिकावयाचे आहे. आता त्यांना कळते, की स्वतःला काही तरी घडविण्याचा नाद पूर्ण सोडून, कर्तव्ये, यशापयश, अनुभव आणि गोंधळ यांसह या जगात पुरते उतरले तरच श्रद्धा ठेवावयास शिकता येते.

३ ऑगस्टच्या पत्रासोबत त्यांनी शंभर पानांहून मोठ्या नसलेल्या एका पुस्तकाचा आराखडा पाठविला. दुसऱ्यांसाठी जगेल तेच चर्च, म्हणून चर्चने आपली मालमत्ता गरजूंना देऊन टाकावी आणि पाळकांनी लोकांच्या ऐच्छिक दानावर किंवा एखादा व्यवसाय करून जगावे, अशी सूचना त्यात आहे. त्या पुस्तकाचे हस्तलिखित हाती आलेले नाही.

ऑक्टोबरमध्ये पलायनाची तयारी झाली होती. पण भाऊ क्लाउस यांना अटक होताच कुटुंबावर आणखी संकट नको म्हणून त्यांनी ती सोडून दिली. ८ ऑक्टोबर १९४४ रोजी त्यांना गेस्टापोच्या तळघरात हलविण्यात आले आणि पत्रव्यवहार जवळजवळ थांबला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्य तेथे पोचले. त्याच एप्रिलमध्ये क्लाउस आणि दोन मेव्हणेही मारले गेले. आईवडिलांना डीट्रिशच्या मृत्यूची खात्री पटली ती जुलै अखेर, लंडनमधील स्मरणप्रार्थनेचे प्रक्षेपण नभोवाणीवर ऐकून.

पत्रे कशी वाचली, हेही सांगण्यासारखे आहे. बेथगे आलेली पत्रे इटलीहून पत्नी रेनाटे हिच्याकडे पाठवीत. ती बोनहोफर यांची भाची. विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे ठेवण्याच्या डब्यांत ही पत्रे घालून ते डबे बर्लिनमधील घराच्या बागेत पुरण्यात आले. शेवटच्या काळातील, सप्टेंबर १९४४ ची पत्रे मात्र बेथगे यांनी स्वतःला अटक होण्याच्या वेळी नष्ट केली. ती सापडती तर आणखी कित्येकांचे प्राण जाते. म्हणजे विचार जेथे सर्वाधिक पुढे गेला असेल, नेमकी तीच पाने आपल्यासाठी उरली नाहीत. उरलेल्या पत्रांचा संग्रह बेथगे यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. मारियाशी झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध होण्यास १९९२ साल उजाडले.

१९६३ मध्ये इंग्लंडमधील बिशप जॉन रॉबिन्सन यांनी आपल्या ‘ऑनेस्ट टू गॉड’ या पुस्तकात या पत्रांचा आधार घेतला. त्या पुस्तकाचा प्रचंड खप झाला आणि तितकेच वादळही उठले. अमेरिकेत विल्यम हॅमिल्टन, टॉमस अल्टायझर प्रभृतींनी ईश्वराच्या मृत्यूची भाषा सुरू केली. त्यांपैकी हॅमिल्टन यांनी तर बोनहोफर यांना आपले पूर्वसूरीच मानले. ८ एप्रिल १९६६ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाने देव मेला काय, असा प्रश्न मुखपृष्ठावर छापला. बेथगे यांना हा अर्थ मान्य नव्हता. ज्याने कोठडीत रोज स्तोत्रे वाचली आणि सहकैद्यांसाठी प्रार्थना लिहून दिल्या, त्याला निरीश्वरवादी ठरविणे म्हणजे पत्रातील चार ओळी कापून घेऊन पत्र फेकून देणे होय. दुसरीकडे, या प्रार्थनांचा दाखला देऊन पत्रांतील धार पुसून टाकणारे सनातनीही कमी नव्हते. आमच्या मते दोघेही एकच चूक करतात. मित्राला लिहिलेल्या पत्रातील शोध ते सिद्धांत म्हणून वाचतात. ही वाक्ये मित्रापुढे मोठ्याने केलेला विचार आहेत. आपणास अजून नीट सांगता येत नाही, असे बोनहोफर यांनी त्यांत पुनःपुन्हा म्हटले आहे.

आता थोडे स्वतःविषयी. अटकेपूर्वी, १९४२ च्या नाताळात, बोनहोफर यांनी दहा वर्षांच्या हुकूमशाहीचा ताळेबंद मांडणारे टिपण आपल्या निवडक मित्रांस दिले होते. पुढे पत्रसंग्रहाच्या आरंभी ते छापले गेले. त्यात ते विचारतात, की जर्मनांत इतके शौर्य असूनही नागरी धैर्य इतके थोडे का? त्यांचे उत्तर असे, की जर्मन माणूस आज्ञापालन शिकला, नेमलेल्या कामापुढे स्वतःची इच्छा दुय्यम मानणे शिकला आणि त्यातच त्याने जीवनाचे सार्थक मानले. या गुणाचा वापर वाईटासाठी होऊ शकेल, हे त्याच्या ध्यानी आले नाही. आज्ञेविरुद्धही जबाबदारीने वागावे लागते, हे शिकावयाचे राहून गेले.

हे टिपण आम्ही प्रथम वाचले ते शासकीय सेवेत असताना, एका तालुक्याच्या विश्रामगृहात. काही महिन्यांपूर्वीच एका धरणाच्या बुडीत क्षेत्रातील वस्ती पावसाळ्यापूर्वी हलविण्याच्या आदेशावर आम्ही सही केली होती. नव्या जागी पिण्याच्या पाण्याची सोय झालेली नाही, हे आम्हास माहीत होते. नस्तीवर तसा शेरा लिहिता आला असता. वरिष्ठ नाराज झाले असते, कदाचित बदली झाली असती. याहून अधिक काही झाले नसते. आम्ही शेरा लिहिला नाही. आदेश नियमास धरून होता आणि आम्ही तो पाळला. त्या उन्हाळ्यात बायका अडीच-तीन कोस चालून पाणी आणताना आम्ही जीपमधून पाहिल्या. बोनहोफर यांच्या काळाशी आमच्या या क्षुल्लक प्रसंगाची तुलना करणे हास्यास्पद आहे, हे आम्ही जाणतो. पण त्या रात्री विश्रामगृहात ती दोन पाने वाचून आम्हास झोप लागली नाही. पुढील सेवाकाळात काही नस्त्यांवर आम्ही शेरे लिहिले. काही मान्य झाले, बरेच झाले नाहीत.

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात या पत्रांच्या इंग्रजी भाषांतराची एक जुनी प्रत आहे. जिज्ञासूंनी ती जरूर वाचावी. मात्र गाजलेली तीन-चार पत्रे तेवढी शोधून काढून वाचू नयेत. सपाता आणि बुटांच्या नाड्या मागणाऱ्या पहिल्या पत्रापासून सुरुवात करावी. अंगणातील पक्षी, आईने पाठविलेला खाऊ, न झालेल्या लग्नाची हुरहूर, हे सर्व ओलांडत गेले म्हणजे एप्रिलअखेरचे ते पत्र येते. तोवर लिहिणारा आपल्या ओळखीचा झालेला असतो, आणि त्याचा प्रश्नही.